टीममध्ये विश्वास उरलेला नाही, सहल काढून उपयोग होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा जणांची टीम तीन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे आली. आधीचे प्रमुख तडकाफडकी गेले. मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही, पण मीटिंग संपली की दोघं-दोघं, तिघं-तिघं मिळून खरी चर्चा सुरू होते. साध्या साध्या मेललाही चार जणांना सीसी असतं. एकाचं काम अडलं तर शेजारचा बघतो आणि पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळतो. एचआरने दोन दिवसांचा टीम-बिल्डिंगचा कार्यक्रम सुचवलाय. त्याने फरक पडेल का, आणि पडणार नसेल तर काय करावं, असं तुम्ही विचारताय.

फरक पडेल, साधारण दोन आठवडे. ग्रुपवर फोटो येतील, एकमेकांना टोपणनावं पडतील, आणि पुढची डेडलाइन चुकली की सगळे आपापल्या बिळात परत जातील. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. बावीस वर्षं प्रकल्पांच्या आणि देखभालीच्या टीम सांभाळल्या, त्यात असे कार्यक्रम मी स्वतःही उत्साहाने केले. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, तो खेळसुद्धा खेळवला. झेलतात हो सगळे! सहकारी आपल्याला जमिनीवर आपटू देईल ही भीती कुणालाच नसते. ‘माझा अंदाज चुकला, अजून आठ दिवस लागतील’ असं मी आज म्हणालो तर ते वाक्य अप्रेझलच्या वेळी माझ्याच अंगावर येईल का, ही असते. त्या भीतीला खेळाच्या मैदानावर उत्तर नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर भरवलं. मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात रस्सीखेचीसारख्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत वैर गेलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. भांडण मिटलं नाही, उलट जेवणाच्या टेबलावर फेकाफेकी झाली. निवळायला सुरुवात कधी झाली, तर छावणीचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला तेव्हा. जेवण आणायला जाणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून दोर लावून ओढला तेव्हा. दोर तोच होता, रस्सीखेचीचा. त्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, संशोधकांनी मुलांना मुद्दाम भिडवलं असा आक्षेपही आहे, आणि तो मला पटतो. पण नुसत्या एकत्र मौजेने माणसं जवळ येत नाहीत, दोघांनाही खरंच हवं असलेलं आणि एकट्याने न होणारं काम समोर आलं की येतात, हे मी ऑफिसांत इतक्यांदा पाहिलंय की मला त्या शिबिराच्या पुराव्याची गरजही उरलेली नाही.

तेव्हा सहल रद्द करू नका, पुढे ढकला. सहा महिन्यांनी न्या, तेव्हा मजा येईल.

आता तुमच्या टीमचं नेमकं काय दुखतंय ते बघू. ‘विश्वास नाही’ या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेली विभागणी मला आजही सगळ्यांत कामाची वाटते. समोरच्याला काम येतं का, त्याला माझं भलं हवंय का, आणि तो दिलेल्या शब्दाला आणि नियमाला धरून वागतो का. यातलं कुठलं तुटलंय त्यावर इलाज ठरतो. काम येत नसेल तर प्रशिक्षण द्या किंवा काम बदला, तिथे गप्पागोष्टींचा उपयोग नाही. शब्द पाळला जात नसेल तर कितीही गोड बोला, लोक हातचं राखूनच वागणार. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्याकडे मधला धागा तुटलाय. आपल्याला कुणीतरी अडकवेल, असं प्रत्येकाला वाटतंय. सीसी हे त्याचंच लक्षण. सीसीत चार नावं घालणारा माणूस माहिती देत नसतो, साक्षीदार जमवत असतो. पूर्वी कधीतरी त्याच्या माथी खापर फुटलंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

म्हणून सीसीवर बंदी घालू नका. माझ्या ओळखीच्या एका प्रमुखाने घातली होती, लोक बीसीसी, म्हणजे लपवून प्रत, पाठवायला लागले. सीसीकडे थर्मामीटरसारखं बघा. ताप उतरला की पारा आपोआप खाली येतो.

ताप कशाने उतरतो? माझ्या अनुभवात एका गोष्टीचं वजन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. वाईट बातमी घेऊन जो पहिला येतो त्याचं काय होतं, हे टीम बघत असते. तुम्ही भाषणात काय म्हणालात ते चार दिवसांत विसरतात. त्या माणसाचं काय झालं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मोठ्या प्रणालीचं स्थलांतर चाललं होतं. रात्री पावणेदोनला टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलाचा फोन आला. साफसफाईची आज्ञा त्याने चाचणीच्या सर्व्हरऐवजी चालू सर्व्हरवर दिली होती आणि ग्राहकांच्या नोंदींचा एक तक्ता पुसला गेला होता. फोन त्याने चार मिनिटांच्या आत केला होता, हे मला नंतर नोंदी तपासताना कळलं. दहा मिनिटांत बारा जण कॉलवर आले. माझं पहिलं वाक्य होतं, “अरे, एंटर दाबण्याआधी सर्व्हरचं नाव बघितलं नाहीस का?”

आवाज चढवला नव्हता. एवढंच एक वाक्य. पण त्यानंतर तो पोरगा तीन तास कॉलवर असून एक अक्षर बोलला नाही. नेमकी कुठली आज्ञा चालली, कुठपर्यंत चालली, हे फक्त त्यालाच माहीत होतं आणि तेच आम्ही बाकीचे अंदाजाने शोधत बसलो. पहाटे पाचला बॅकअपवरून तक्ता परत आला. मी घरी जाताना स्वतःवर खूश होतो, की बघा, मी ओरडलो नाही.

चार महिन्यांनी त्याच टीममधल्या एका अनुभवी सहकारी बाईंना पुरवठादाराचा एक भाग वेळेत येणार नाही हे नऊ दिवस माहीत होतं, आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं. नऊ दिवस म्हणजे आमची सगळी पर्यायी योजना बसली असती. मी विचारलं, “आधी का नाही बोललात?” त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, त्या रात्रीच्या कॉलवर मी पण होते.”

त्या पोरावर मी काही कारवाई केली नव्हती. अप्रेझलमध्येही ते आणलं नव्हतं. तरी उरलेल्या अकरा जणांनी त्या एका वाक्यातून आपापला कानाला खडा लावून घेतला होता.

तेव्हापासून मी पहिलं वाक्य पाठ करून ठेवलंय, कारण रात्री पावणेदोनला शहाणपण सुचत नाही: “बरं झालं लगेच सांगितलंस. आता आपल्याला काय पक्कं माहीत आहे ते सांग.” चूक कशी झाली हे विचारायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर. आणि प्रश्नाची रचनाही बदलायची. ‘तू का बघितलं नाहीस’ म्हटलं की माणूस सारवासारव करतो. ‘त्या क्षणी तुला स्क्रीनवर काय दिसत होतं’ असं विचारलं की कळतं, दोन्ही सर्व्हरच्या खिडक्या दिसायला अगदी सारख्या होत्या. आम्ही चालू सर्व्हरच्या खिडकीची पार्श्वभूमी लाल केली. पुन्हा ती चूक झाली नाही. हा सुधार त्या रात्रीच्या माझ्या प्रश्नातून कधीच निघाला नसता.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर जे दिसलं ते असं, की तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, त्या बोलून दाखवल्या जात होत्या. तेव्हा तुमच्या टीममध्ये सध्या ‘सगळं वेळेत आहे’ असेच अहवाल येत असतील तर खूश होऊ नका. पुढच्या काही महिन्यांत चुकांची, उशिरांची, शंकांची संख्या वाढली पाहिजे. वरच्या साहेबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही आल्यावर टीम बिघडली.

आणि गप्प बसण्याची किंमत किती असू शकते, तर २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. विमान उडवायला निघालेल्या कॅप्टनला त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टनने ठामपणे ‘हो’ म्हटलं आणि विषय संपला. दाट धुकं, एकमेकांत मिसळलेले रेडिओ संदेश, अशी इतरही कारणं होती. पण कनिष्ठाने शंका एकदा काढली आणि वरिष्ठाच्या ठाम आवाजापुढे सोडून दिली, हा भाग विमान क्षेत्राने फार गंभीरपणे घेतला. १९७९ पासून वैमानिकांच्या प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांनी एकमेकांना कसं टोकायचं आणि कॅप्टनने ते कसं ऐकायचं हा स्वतंत्र विषय आकाराला आला. म्हणजे ज्या क्षेत्रात चुकीला माफी नाही, तिथे ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगून सोडलं नाही. पद्धत बसवली, सराव करून घेतला.

तुम्हालाही पद्धतच बसवावी लागेल. मीटिंगपासून सुरुवात करा, कारण तिथे तुमचा ताबा आहे. तुम्ही शेवटी बोला. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, जीभ चावावी लागते. प्रमुखाने एकदा ‘मला वाटतं’ म्हटलं की बाकीच्यांना काय वाटतं ते बदलतं. विषय मांडून झाला की पाच मिनिटं सगळ्यांना आपापलं मत कागदावर किंवा चॅटमध्ये लिहू द्या आणि मग एकेक वाचा. बोलायला घाबरणारी माणसं लिहायला तेवढी घाबरत नाहीत, आणि पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळ्यांची फरफटही होत नाही. ‘कुणाला काही शंका?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर जगभर एकच आहे, शांतता. त्याऐवजी विचारा, “ही योजना फसली तर कशामुळे फसेल?” आता शंका काढणं म्हणजे विरोध करणं राहत नाही, ते नेमून दिलेलं काम होतं. पहिल्या वेळी दोनच मुद्दे येतील. त्यातल्या एकावर तरी तिथल्या तिथे काही बदल करा आणि पुढच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन सांगा की यांच्या मुद्द्यामुळे आपण अमुक बदललं.

मीटिंगनंतर दोघं-तिघं बोलतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आणि तिथे काय चाललंय ते कळावं म्हणून एखाद्याला कान म्हणून वापरू तर अजिबात नका. तुम्हाला आतल्या बातम्या आणून देणारा एखादा भेटेलच, तीन महिन्यांत भेटलाही असेल. “हे तू त्यांच्याशी बोललास का? नसशील तर आपण तिघं बसू,” एवढं म्हणा. दोनदा म्हटलंत की बातम्या थांबतात. गैरहजर माणसाबद्दल तुम्ही काय ऐकून घेता यावरून हजर माणूस ठरवतो की आपल्या मागे काय चालत असेल. आधीच्या प्रमुखांबद्दलही तसंच. मोह होतो, टाळ्याही मिळतात, पण त्यांच्यावर टीका करू नका.

प्रत्येकाशी वेगळं बोला, अर्धा-अर्धा तास. विश्वास ठेव म्हणून सांगू नका, तो शब्दच काढू नका. विचारा की कामात रोज कशाचा वैताग येतो. छोट्या छोट्या गोष्टी निघतील: अमुक परवानगीला तीन दिवस लागतात, तमुक अहवाल कुणी वाचतच नाही. त्यातली एक गोष्ट निवडा, जी तुमच्या अखत्यारीत आहे, आणि आठवड्यात करून दाखवा. मी त्यासाठी एक खिशातली वही ठेवायचो. कुणाला ‘बघतो’ म्हटलं की लगेच तारीख घालून लिहायचं. शुक्रवारी वही उघडायची आणि जे झालं नाही त्याच्याबद्दल जाऊन सांगायचं की झालं नाही, अजून इतके दिवस लागतील किंवा होणारच नाही. नाही म्हणून आलेल्या प्रमुखावर लोक जेवढा विश्वास ठेवतात तेवढा हो म्हणून विसरणाऱ्यावर ठेवत नाहीत. ‘बघतो’ हा आपल्या ऑफिसांतला सगळ्यांत महाग शब्द आहे.

आता एकमेकांना मदत न करण्याबद्दल. इथे स्वभावाकडे जाण्याआधी हिशेब तपासा. तुमच्याकडे मूल्यमापन कशावर होतं? प्रत्येकाचे आकडे वेगळे आणि एकाच वाटीतून बढती असेल तर शेजाऱ्याला मदत करणारा माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो, आणि ते त्याला कळतं. अशा ठिकाणी एकोप्यावर व्याख्यान देणं म्हणजे आपणच लोकांना शर्यतीत उभं करायचं आणि मग एकमेकांचा हात धरा म्हणायचं. संपूर्ण पद्धत तुम्हाला बदलता येणार नाही. पण तुमच्या हातातल्या भागात ‘या वर्षी तुम्हाला कुणाची मदत झाली’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारता येतो, आणि ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात त्यांच्या मूल्यमापनात ते मोजता येतं. मी हे सुरू केलं तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा आलेलं नाव अशा माणसाचं होतं, जो माझ्या यादीत खालून तिसरा होता.

त्याबरोबर जोडीने करायची कामं काढा. खरी कामं, नकली नव्हे. ज्यांचं एकमेकांशी जमत नाही त्यांना पहिल्याच फटक्यात एकत्र बांधू नका. ज्यांची नुसती ओळख नाही अशांपासून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच काम द्या आणि ते संपल्यावर दोघांनी मिळून सगळ्यांना दाखवायचं ठेवा. एकदा जमलेली जोडी मात्र हौसेने मोडू नका. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये वैमानिकांच्या चुकांमुळे झालेले ३७ मोठे अपघात तपासले होते. माहिती उपलब्ध होती त्यातले ७३ टक्के अपघात त्या वैमानिकांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झालेले होते. माणसं कसलेलीच होती, एकमेकांना नवी होती. दर तिमाहीला टीमची फेररचना करणाऱ्या मंडळींना हा आकडा मी आवर्जून ऐकवतो.

टीममधले काही जण घरून काम करत असतील तर एकच गोष्ट सांभाळा. ऑफिसातल्यांनी कॉफीच्या वेळी जे ठरवलं ते त्याच दिवशी लेखी यायला हवं. अंतराने विश्वास तुटत नाही, आपल्याला वगळून ठरलं हे तिसऱ्याकडून कळण्याने तुटतो.

एक कटू भाग राहिला. अकरा जणांत एखादा असा निघेल जो खरोखरच इतरांचं श्रेय लाटतो किंवा मोकळेपणाने सांगितलेल्या गोष्टी हत्यार म्हणून वापरतो. त्याला सांभाळून घेत बसलात तर वरचं सगळं वाया जाईल. एकदा खासगीत, नेमका प्रसंग सांगून, स्पष्ट बोला. दुसऱ्यांदा लेखी. तिसऱ्यांदा त्याचं काम टीमपासून वेगळं करा, मग तो कितीही हुशार असो. चूक सांगणाऱ्याला अभय आणि चूक लपवणाऱ्याला, दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला नाही, ही रेघ सगळ्यांना दिसली पाहिजे. निष्काळजीपणाही या अभयात बसत नाही. तीच चूक तिसऱ्यांदा करणाऱ्याशी तुम्ही गोड गोड बोलत राहिलात तर मन लावून काम करणारे आधी तुमच्यापासून तुटतील.

किती दिवस लागतील? माझ्या टीममध्ये पहिला बदल दिसायला तीन-चार महिने लागले, आणि आधी पोळलेल्या टीममध्ये त्याहून जास्त. मध्येच तुमच्या हातूनही घोळ होईल, एखाद्यावर सगळ्यांसमोर घसराल. तेव्हा माफीसुद्धा सगळ्यांसमोरच मागा, दोन वाक्यांत, ‘पण’ न लावता. खासगीत मागितलेली माफी बाकीच्या दहा जणांपर्यंत पोचत नाही.

आणि पहिली खूण तुम्हाला गैरसोयीच्या वेळीच भेटेल. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही निघायच्या गडबडीत असाल, कुणीतरी दारात येऊन उभं राहील आणि म्हणेल, “दोन मिनिटं आहेत का? काही फार मोठं नाही.” ते मोठंच असतं. बॅग खाली ठेवा, खुर्ची पुढे करा. आणि त्या विषयावरच्या मेलला सीसी किती होते ते सोमवारी मोजा.